फूफाजींच्या डोंगरावर

आमच्या घरात हेडफोनला बंदी होती. कानांच्या आरोग्याचा वगैरे त्यात काही संबंध नव्हता. झालं होतं असं, की आईनं एकदा गॅलरीतून "रेवा, दूध बघ गं" म्हणून सांगितलं, मी कानाला ते यंत्र लावून बसले होते, आणि दूध उतू जाऊन शेगडीवरून ओट्यावर आणि ओट्यावरून खाली उघड्या ठेवलेल्या साबुदाण्याच्या डब्यात गेलं. हेडफोन त्याच दिवशी आईच्या कपाटात गेले आणि पुढे कधी बाहेर आले नाहीत. तेव्हापासून मी कॉम्प्युटरवर जे खेळायचे ते स्पीकरवर. फ्रीगंजमधला आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, खोल्या तीन, भिंती पातळ. त्यामुळे तलवारींचा खणखणाट, आगीचे भडके आणि आमच्या टोळीतल्या पोरांची आरडाओरड घरातल्या प्रत्येकाला ऐकावी लागे. खालून ई-रिक्षांचे भोंगे, समोरच्या कपड्यांच्या दुकानातली 'सेल, सेल'ची टेप, स्टेशनवरून गाडीची शिट्टी, आणि त्यात हे. आई गणिताचे पेपर तपासता तपासता मान वर न करता म्हणायची, "रेवा, तुला ओरडतायत. कुणाला तरी औषध द्यायचं राहिलंय." आणि खरंच राहिलेलं असायचं.

कॉम्प्युटर होता मधल्या खोलीत, आणि मधली खोली होती आत्याची. कुमुदआत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. तिनं लग्न केलं नाही आणि का केलं नाही हे कुणाला सांगितलंही नाही. नोकरी रेल्वेत. उज्जैन स्टेशनवर चौकशीच्या खिडकीमागे बसून माइकवरून गाड्यांची घोषणा करण्यात तिची सगळी वर्षं गेली. निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडून ती आमच्याकडे राहायला आली, तेव्हा ट्रंका दोनच होत्या, पण आवाज एवढा मोठा की घर लहान वाटायला लागलं. मोठा म्हणजे ती ओरडायची असं नाही. आत्या कधीच ओरडली नाही. तिचा आवाज एका पट्टीत सुरू व्हायचा आणि त्याच पट्टीत संपायचा, आणि प्रत्येक गोष्ट ती दोनदा सांगायची. "रेवा, आंघोळीला जा. रेवा, आंघोळीला जा." दोन्ही वेळा अगदी सारखं, एका अक्षराचा फरक नाही. भाजीवाला तिला घाबरायचा. "भेंडी कडक है. भेंडी कडक है," असं तिनं म्हटलं की तो गुपचूप दुसऱ्या टोपलीतली काढून द्यायचा. वारा इकडचा असला की संध्याकाळी स्टेशनची घोषणा गॅलरीपर्यंत यायची. आता तिथे मशीनचा आवाज होता. आत्या चहाचा कप हातात धरून ऐकायची आणि मान हलवायची.

"'कृपया' झाल्यावर श्वासच घेत नाही ही बाई."

"आत्या, ती बाई नाहीये, कॉम्प्युटर आहे तो."

"म्हणूनच म्हणते."

आता ज्यांनी असले खेळ कधी खेळले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. माझ्या वयाच्या मैत्रिणींना अजूनही हे समजावून सांगावं लागतं, आणि त्या दर वेळी 'बरं' म्हणतात. आठ जणांची टोळी जमवायची. प्रत्येकाचं काम ठरलेलं. कुणी ढाल घेऊन पुढे उभं राहायचं, कुणी मारायचं, आणि माझ्यासारखीनं मागे राहून जखमी होणाऱ्यांना बरं करत राहायचं. आठही जण आपापल्या घरी बसलेले असतात, बोलणं माइकवरून. अशी टोळी एखाद्या महाबलाढ्य राक्षसावर चालून जाते, त्याला रेड म्हणतात. आमचा राक्षस एका जळत्या डोंगराच्या पोटात बसलेला असायचा. त्याला खेळात एक लांबलचक इंग्रजी नाव होतं, ते कुणालाच धड उच्चारता येत नसे. माझा मित्र पलाश यानं त्याचं नाव फूफाजी ठेवलं. आमच्या माळव्यात हिंदी घरांतल्या लग्नांत फूफाजी, म्हणजे आत्याचे यजमान, दर थोड्या वेळानं कशावरून तरी रुसतात, आणि मग सगळी माणसं मांडव सोडून त्यांच्यामागे धावतात. हा राक्षस तसाच होता. मध्येच लढणं थांबवायचा, अंग फुगवायचा आणि पाठ फिरवायचा. मग त्या गुहेची सगळी जमीन पेटायची. चार कोपऱ्यांत एक ते चार नंबरांचे दगडी चबुतरे होते, त्यातले तीनही पेटायचे. ज्या चबुतऱ्याकडे फूफाजींनी पाठ केली असेल तो एकटा शाबूत राहायचा, आणि आठही जणांनी क्षणात तिथे पोचायचं. न पोचला तो मेला, आणि ती लढाई संपेपर्यंत मेलेलाच पडून राहिला. लढण्याच्या गडबडीत फूफाजींची पाठ कुठे आहे हे बघायला कुणाला फुरसत नसे, म्हणून एकानं बघायचं आणि नंबर ओरडायचा, अशी रीत होती. आमच्यात ओरडणारा पलाश.

आत्याला हे नाव अतिशय आवडलं. तिचं लग्न झालेलं नसल्यामुळे आमच्या घराला स्वतःचे असे फूफाजी नव्हते. पहिल्यांदा तिनं चष्मा पुसून पडद्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "दिसायला ठीक आहेत. जरा तापट वाटतात."

पलाश माझ्याच वर्गात होता. देवास गेटपाशी त्याच्या वडिलांचं नमकीनचं दुकान. शेव, मिक्चर आणि लसणाचा वास त्याच्या दप्तरालासुद्धा यायचा. बारीक, उंच आणि हट्टी मुलगा. फूफाजींना हरवलं की सोनेरी पंख मिळायचे, ते पाठीला लावून खेळात कुठेही हिंडता यायचं, आणि बघणाऱ्याला कळायचं की हा डोंगर जिंकून आलेला आहे. पलाशला ते पंख हवे होते, पण त्याचा एक नियम होता. "फूफाजी को अपन ही निपटाएँगे," तो म्हणायचा. "किसी बड़े की उँगली पकड़ के नहीं जाना है." बाहेरचा तयार खेळाडू टोळीत घ्यायचा नाही, दुसऱ्यांनी कसं जिंकलं त्याचे व्हिडिओ बघायचे नाहीत, जे काय शिकायचं ते मरून शिकायचं. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. आणि आम्ही मरत होतो. दर रविवारी दुपारी, जेवणं झाली की, आम्ही अगदी मन लावून मरायचो.

उन्हाळ्याच्या सुट्टीत अद्वैतदादा, माझा मोठा भाऊ, इंदूरच्या हॉस्टेलमधून घरी आला. तोही हाच खेळ खेळायचा आणि त्याची टोळी भलतीच तरबेज होती. एका दुपारी त्यांच्यातला एक जण कुठल्याशा लग्नाला गेला म्हणून जागा रिकामी झाली. "ये, तुला पंख मिळवून देतो," दादा म्हणाला. "मागे उभी राहा फक्त. काहीही करू नकोस. हात लावलास तर घोटाळा होईल." मी मागे उभी राहिले. फूफाजी पहिल्यांदा रुसले तेव्हाच, कुठे पळायचं ते न कळून, मी जळून मेले, आणि त्या सातांनी बाकीचं काम जेवता जेवता उरकल्यासारखं उरकलं. मेलेल्यालाही बक्षीस मिळायचं. माझ्या पाठीला पंख फुटले. मी खुर्चीवरून उडी मारली, दादाच्या पाठीत बुक्के मारले, आईला ओढत आणून पडदा दाखवला. बाबा बँकेतून आले, त्यांनी ऐकलं आणि उलट पावली खाली जाऊन जिलबी घेऊन आले. मला मनापासून आनंद झाला होता, त्यात काही खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पलाशनं खेळात माझे पंख बघितले. कुणी नेलं ते विचारलं, मी सांगितलं. मग तो म्हणाला, "रेवा, तू जीती नहीं है. तेरे को जिता दिया है." हे त्यानं चिडून म्हटलं असतं तर मी भांडले असते. पण तो नुसताच हिरमुसला होता, आणि स्पीकरमधून ते सगळ्या घरानं ऐकलं. मी पंख काढून ठेवले.

त्या रात्रीच्या जेवणाला आमच्याकडे कोर्टच भरलं. वरण-भात होता, त्यावर शेव, कारण माळव्यातल्या मराठी घरांत शेव कशावर घालायची नाही याला काही मर्यादा नाही. दादा म्हणाला, "पागल आहे तो. अगं, मलापण पहिल्यांदा सीनियर्सनीच नेलं होतं. सगळ्यांना कुणीतरी नेतंच." आई म्हणाली, "पायऱ्या न दाखवता नुसतं उत्तर लिहिलं तर मी पूर्ण मार्क देत नाही. पलाशचं बरोबर आहे." यावर बाबा उसळले. बाबा दर गणेशोत्सवात मराठी मंडळाच्या नाटकात काम करायचे आणि दरवर्षी वाक्यं विसरायचे. "म्हणजे काय? मला प्रॉम्प्टर लागतो म्हणून मी टाळ्या परत करायच्या का? काम मी केलं की नाही?" आई शांतपणे म्हणाली, "टाळ्या तुमच्या, आणि विंगेत उभं राहून घसा बसला माझा." बाबांना ठसका लागला. आत्यानं त्यांना पाणी दिलं. तिला काय वाटतं ते मी विचारलं तर म्हणाली, "मला लोणचं दे." मग पुन्हा, "मला लोणचं दे."

मी हसले सगळ्यांबरोबर, पण मनातून ठरवलं होतं. मला तेच पंख हवे होते, पण माझे म्हणून. आमच्या टोळीबरोबर तो डोंगर जिंकायचा आणि पलाशच्या तोंडून ऐकायचं की हां, आता तू जिंकलीस. हे किती क्षुल्लक वाटतं सांगताना! पण त्या वयात मला त्याहून महत्त्वाचं काही नव्हतं, आणि खरं सांगायचं तर नंतरही ज्या गोष्टींसाठी जीव टाकला त्या काही याहून फार भारदस्त होत्या असं नाही.

पावसाळा लागला, शाळा सुरू झाली, आणि खेळवाल्यांनी जाहीर केलं की मोसम संपतोय. श्रावणातल्या एका मंगळवारी संध्याकाळी तो डोंगर कायमचा बंद होणार होता. आम्ही तोवर इतके सुधारलो होतो की फूफाजी अर्ध्याच्या पुढे खचायचे. पण शेवटी शेवटी ते पटापट रुसायचे, पलाशचा आवाज चढत जायचा, "तीन! तीन! अरे भिया, तीन पे मरो ना!" असं तो किंचाळायचा, आम्ही घाबरून चारवर जायचो आणि मरायचो. शेवटची संधी म्हणून तोच मंगळवार ठरला, शाळेतून आल्यावर, डोंगर बंद व्हायच्या आधी.

आणि आदला दिवस सोमवार. उज्जैनच्या माणसाला पुढचं सांगायला नको. श्रावणी सोमवारी महाकालाची सवारी, म्हणजे पालखीची मिरवणूक, निघते, सगळं गाव रस्त्यावर असतं. पलाश त्याच्या मोहल्ल्याच्या झांज-डमरू पथकात होता. दर सोमवारी तो जायचा, पण जरा जपून ओरडायचा. त्या सोमवारी, उद्या फूफाजींना हरवायचं आहे म्हणून, त्यानं देवाला काही कमी पडू नये अशा बेतानं जयजयकार केला. देवळापासून राम घाटापर्यंत आणि राम घाटापासून परत. मंगळवारी तो शाळेत आलाच नाही, आणि माइकवर आला तेव्हा गंजलेलं शटर वर करावं तसा एक आवाज आला आणि बंद झाला. मग पडद्यावर अक्षरं उमटली : 'गला गया.'

आत्या पलंगावर मांडी घालून कणसं किसत होती. श्रावणात माळव्यात कोवळी कणसं येतात आणि त्यांचा कीस दुधात शिजवून, वर जिरं-हिरवी मिरचीची फोडणी देऊन, शेव आणि लिंबू घालून खातात. भुट्ट्याचा कीस. किसणीवर कणीस खरखरत होतं. तरी आम्ही गुहेत उतरलो. पलाश नंबर टाइप करायचा, पण तो वाचेपर्यंत पाय भाजलेले असायचे. एकदा मेलो. परत गेलो, परत मेलो. टोळीतली देवासची चिंकी रडकुंडीला आली. रतलामचा मोनू म्हणाला, "छोड़ो यार, हो गया." तेवढ्यात माझा फोन वाजला. इंदूरहून दादा. "मी आणि माझे दोघं मोकळे आहोत. तुमच्यातल्या तिघांना बाहेर काढ, आम्हाला घे. चुटकीसरशी होईल." मी टोळीला विचारलं. पलाशनं टाइप केलं : 'नहीं.' मी फोनवर दादाला म्हटलं, "नको रे." तो म्हणाला, "अगं वेडे, मोसम संपतोय." मी म्हटलं, "संपू दे." फोन ठेवला आणि मला रडू यायला लागलं.

किसणीची खरखर थांबली.

"रेवा, बोलायचं कुठे?" आत्यानं विचारलं.

"आत्या, नको. बाहेरच्या कुणाची मदत घ्यायची नाही असं ठरलंय आमचं."

"बाहेरची?" आत्या म्हणाली. "मी माझ्या खोलीत बसली आहे. आणि किती महिने झाले, हे एक, दोन, तीन, चार ऐकून माझे कान किटले. पोराचं चुकतं कुठे सांगू? तो ओरडतो. आवाज चढला की माणसं धावतात, आणि धावली की चुकीच्या फलाटावर जातात. सरक."

ती हात पदराला पुसून माझ्या शेजारी येऊन बसली. पलाशनं सगळं ऐकलं होतं. त्यानं लिहिलं : 'आत्याजी, ये तो हेल्प हो गई.' आत्यानं ते मोठ्यानं वाचलं आणि माइकमध्ये म्हणाली, "बेटा, मैं एक भी बटन नहीं दबाऊँगी. मेरे को आता भी नहीं. मैं ख़ाली बोलूँगी." मग पलाशचं आलं : 'ठीक है. ख़ाली बोलना.'

आम्ही उतरलो. फूफाजींनी अंग फुगवलं, मान वळवली, आणि त्या जळत्या गुहेत, माझ्या माइकमधून, सात घरांतल्या सात खोल्यांमधून, एका पट्टीत, आवाज आला : "कृपया ध्यान दीजिए. फूफाजी नाराज़ होने वाले हैं. सभी यात्री कृपया प्लेटफ़ॉर्म नंबर तीन पर पधारें. कृपया ध्यान दीजिए. सभी यात्री कृपया प्लेटफ़ॉर्म नंबर तीन पर पधारें."

मोनू इतका हसला की जागेवरच जळाला. चिंकी हसत हसत फूफाजींच्या तोंडात गेली. मीसुद्धा डोळे पुसत होते. ती लढाई अशी वाया गेली, पण कितीतरी रविवारांत पहिल्यांदाच आम्ही हसत हसत मेलो होतो. "झालं हसून?" आत्यानं विचारलं. "चला आता." आईही दारात येऊन उभी राहिली होती, हातात तसाच लाल पेन.

ती शेवटची लढाई मला आजही पायरी-पायरीनं आठवते. फूफाजी पहिल्यांदा रुसले. आत्या म्हणाली, दोन. आम्ही सगळे दोनवर गेलो. पलाश गेला नाही. इतके महिने नंबर तोच सांगत आला होता. दुसऱ्या कुणाचं ऐकून पाय उचलायची त्याला सवयच नव्हती. त्यानं स्वतः मान वर करून बघितलं, घाईत चुकीचं बघितलं, आणि आमचा ढालवाला, आमचा म्होरक्या, चार नंबरवर एकटा उभा राहून जळून गेला. एरवी ढाल पडली की आम्ही हत्यारं टाकून परत पहिल्यापासून सुरू करायचो. माझा हात माउसवरून उठलाही. पण आत्याला ही रीत माहीत नव्हती. एक गाडी रद्द झाली म्हणून स्टेशन बंद होत नाही, एवढंच तिला माहीत. "यात्रियों को हुई असुविधा के लिए हमें खेद है," ती त्याच पट्टीत म्हणाली, आणि लगेच, "अगली सूचना की प्रतीक्षा करें."

मोनूनं ढाल उचलली. तो कच्चा होता, त्याला जिवंत ठेवणं माझ्यावर आलं. आणि मी पाहिलं की मला येत होतं. कानात कुणी किंचाळत नव्हतं. कुठे जायचं ते आत्या वेळेवर, दोनदा सांगत होती, आणि मधल्या वेळात मला माझं काम करायला जागा मिळत होती. मोनूचं रक्त उतरायचं, मी चढवायचे. चिंकी भाजायची, मी बरी करायचे. एक, मग तीन, मग परत एक. फूफाजी शेवटच्या टप्प्यात भराभर रुसायला लागले तरी आत्याचा आवाज तेवढाच संथ, सूचना मात्र आधी यायला लागली, इतकंच. मग फूफाजी वाकले, गुडघ्यावर आले आणि आडवे झाले. क्षणभर कुणाला खरंच वाटेना. त्या शांततेत आत्या म्हणाली, "फूफाजी अपने निर्धारित स्थान से प्रस्थान कर चुके हैं." आणि मग जो कल्लोळ उठला! आई माझ्या गळ्यात पडली, पेनाची लाल रेघ माझ्या गालावर. चिंकी रडत होती, मोनू कुणालातरी "मम्मी, मम्मी" हाका मारत होता. मी आयुष्यात बरीच सुखं पाहिली, देवानं काही कमी केलं नाही. पण अंगात मावत नाही असं सुख ते पहिलं.

मी पलाशला हाक मारली तर तो निघून गेलेला. अर्ध्या तासानं जिना चढून तो आमच्या दारात उभा राहिला, हातात दुकानातली शेवेची पुडी, कारण आईनं त्याला आधीच कीस खायला बोलावलं होतं आणि रुसला तरी तो जेवण चुकवणारा नव्हता. वाडगा हातात घेऊन तो माझ्या शेजारी बसला.

"मेरे को भी मिले," तो फाटक्या आवाजात म्हणाला. "पंख. पहनूँगा नहीं."

"का?"

"मैं तो मरा पड़ा था. शुरू से."

माझ्या जिभेवर त्याचंच वाक्य आलं होतं. तू जिंकला नाहीस, तुला जिंकवलंय. इतके दिवस सांभाळून ठेवल्यासारखं ते तयार होतं. पण त्याचा चेहरा बघितला आणि बोलावंसं वाटलं नाही. मीही त्या फरशीवर पडून इतरांना जिंकताना पाहिलेलं होतं. तिथून कसं दिसतं ते मला माहीत होतं.

"वो छत देखी थी, मरे पड़े-पड़े?" मग त्यानंच हळूच विचारलं. "उस गुफा की. क्या नक्काशी है रे."

"देखी," मी म्हटलं. "मोरासारखं काहीतरी आहे ना मधोमध?"

"हाँ." तो थोडं हसला.

तेवढ्यात पलंगावर आत्या फोनवर बोलायला लागली. नागद्याला तिची जुनी जोडीदारीण होती, शकुंतला, तीही माइकवरचीच. दोघी फोनवर बोलायच्या तेव्हा दोन स्टेशनं बोलतायत असं वाटायचं. "शकुंतला, सुन. आज हमने फूफाजी को निपटा दिया," आत्या म्हणाली. "अरे हाँ, हमने. नौ जन थे हम. एक लड़का बीच में काम आ गया. सबसे आगे वही खड़ा था. क्या? नहीं नहीं, उसी ने तो इन सबको तैयार किया, इतने महीने चिल्ला-चिल्ला के. नहीं तो मैं बोलती किसको? खाली प्लेटफ़ॉर्म को?"

पलाशचा चमचा वाडग्यातच राहिला. आत्याला तो ऐकतोय याची जाणीव होती की नव्हती, कोण जाणे; ती तेव्हा स्वतःच्याच पराक्रमात गुंग होती. एकही बटन न दाबलेल्या त्या बाईला आपण जिंकलो याबद्दल तिळमात्र शंका नव्हती, आणि दुसऱ्याच्या वाट्याचं द्यायलाही तिला काही जड जात नव्हतं. आम्ही दोघं दोन ऋतू ज्यावर कुढत होतो ते तिला प्रश्न म्हणून दिसलंच नव्हतं.

पलाश उठला, माझ्या कॉम्प्युटरवर स्वतःचं नाव टाकून आत गेला, आणि त्यानं पंख लावले. डोंगराच्या पायथ्याशी त्याचा तो शिपाई सोन्याचे पंख पसरून उभा राहिला. मग तो खुर्चीवरून उठून मला म्हणाला, "चल, तू भी पहन. तेरे ही हैं." हे ऐकायला मी श्रावणापर्यंत थांबले होते. मी पंख लावले, आणि खरं सांगते, ते दादानं मिळवून दिलेले की आज मिळालेले, हे मी बघितलंसुद्धा नाही.

आत्यानं फोन ठेवला आणि चष्मा लावून पडद्याजवळ आली. माझे पंख बघितले, पलाशचे आठवले.

"आणि माझे कुठे आहेत?" तिनं विचारलं.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. पंख मिळायला खेळात आपला एक माणूस असावा लागतो, हे तिला समजावलं. मग त्याच बैठकीत तिचा माणूस तयार केला. लाल लुगडं मिळेना, म्हणून लाल झगा दिला. अंगात बळ नाही, हातात काठी, नाव कुमुद. ती डोंगराशी पोचेपर्यंत संध्याकाळ झाली आणि डोंगराचं दार बंद झालं. मला वाईट वाटलं. पलाश पुढे वाकला, घसा खाकरला, आणि उरलेल्या आवाजात म्हणाला, "आत्याजी, नया पहाड़ खुलेगा ना, मैं आपको ले जाऊँगा. आपको कुछ नहीं करना. बस पीछे खड़े रहना."

"ले चल," आत्या म्हणाली, आणि वाडग्यात उरलेला कीस खायला लागली.